पलीकडच्या बाजूचा आवाज

“इथे कुणी बसतं का?”

“हो,” मी म्हणाले.

त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. केसांतून पाणी निथळत होतं आणि छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही घट्ट धरलेली... आपण भिजलो तरी चालेल, ती भिजता कामा नये, असं.

“कोण बसतं?”

“माझे बाबा.”

“मग ते कुठे आहेत?”

“घरी. रुसलेत.”

“तुमच्यावर?”

“चिकगूंवर.”

तो हसला आणि त्याने सरळ बसूनच घेतलं. “मग ते काही आज येत नाहीत. अख्खं ताईपिंग रुसलंय.”

ते खरंच होतं. आमच्या गावात चार वाजले की पाऊस येतोच, त्यामुळे छताखालचा हा एकच स्टँड भरायचा, आणि तोही आता निम्मा रिकामा. आमच्या लारुत फुटबॉल संघाने त्या मोसमात अकरा सामन्यांत एकही जिंकला नव्हता. मी आठ वर्षांची असताना मोख्तार आमच्या संघाचे प्रशिक्षक झाले. आधी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना चिकगूच म्हणतात... गुरुजी. त्यांनी दोन करंडक आणले, तेव्हा बाबांनी मला खांद्यावर घेऊन गावच्या तळ्याभोवती मिरवलं होतं. त्यानंतर हरलो तरी बाबा म्हणायचे, “चिकगूंच्या डोक्यात काहीतरी आहे.” मग नुसतं “बघू” म्हणायला लागले. यंदा आपलंही तिकीट माझ्याच हातात देऊन म्हणाले, “मेलोर, तू जा. आणि किती गोल खाल्ले ते मला सांगूही नकोस.” पण मी परत यायच्या वेळी दारातच उभे असायचे.

“वहीत काय आहे?” मी विचारलं. खरं तर अनोळखी माणसाला असं विचारू नये. पण त्याने ती उघडली होती, आणि पानभर मैदानाचे छोटे छोटे नकाशे दिसत होते.

“मी जमीन मोजणी खात्यात आहे. मोजायची सवय जात नाही.” त्याने वही माझ्याकडे सरकवली. “आपण सव्वीस गोल खाल्ले. त्यातले एकवीस एकाच बाजूने आले.”

“डाव्या?”

“हीच तर गंमत आहे. पहिल्या अर्ध्यात उजव्या, दुसऱ्या अर्ध्यात डाव्या. मध्यंतरात संघ टोकं बदलतात ना... म्हणजे बाजू बदलते, पण ती नेहमी चिकगू उभे असतात तिथून लांबची असते. पलीकडची.”

“असं का?”

“ते कळलं असतं तर भिजत आलो असतो का?”

त्याचं नाव इकमल. त्या दिवशी आम्ही तीन गोलांनी हरलो, आणि तिन्ही पलीकडून आले. पहिल्यांदाच घरी जाताना मला वाईट वाटण्याऐवजी उत्सुकता वाटत होती... संघाबद्दल, असं मी स्वतःला सांगितलं.

*

पुढच्या शनिवारी तो करीपाफची, म्हणजे खाऱ्या करंज्यांची, पुडी घेऊन आला. “तुमच्या बाबांच्या खुर्चीचं भाडं,” म्हणाला.

“बाबांना मिरचीवालं आवडतं.”

“आणि त्यांच्या मुलीला?”

“मुलगी भाडं घेत नाही. फक्त चव बघते.”

मी त्या दिवशी चेंडू सोडून चिकगूंकडेच बघत राहिले. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसातले आठ तास लोकांच्या नजरेकडेच बघायचं, हेच माझं काम. चेंडू पलीकडे गेला की संघाच्या अख्ख्या बाकावरची डोकी तिकडे वळायची. चिकगूंचं वळायचं नाही. ते मान किंचित तिरकी करायचे, जसं कुणी भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं.

मनात एक शंका आली, पण खात्री नव्हती.

“तुम्ही माणसाकडे बघताना आधी काय बघता?” इकमलने अचानक विचारलं.

“बाहुल्या.”

“मग माझ्या कशा आहेत?”

मी बघितलं. जरा जास्तच वेळ... “मोठ्या झाल्यात. ढग आहेत ना, उजेड कमी आहे.”

“उजेडामुळेच ना?”

“खेळ बघा.”

त्यानेही मग मैदानाकडे पाहिलं, पण हसत. आणि एक गोल टिपायचा राहून गेला. आयुष्यात पहिल्यांदा, असं त्याने शपथेवर सांगितलं.

तिसऱ्या शनिवारी मी त्याला माझी शंका सांगितली. तो कितीतरी वेळ वहीच्या पानावरून बोट फिरवत राहिला.

“म्हणजे... दिसत नाही?”

“तपासल्याशिवाय कसं सांगू?”

“मग तपासू या.”

“कसं? जाऊन म्हणू, चिकगू, डोळे दाखवा?”

“सगळ्या संघालाच बोलवा. तुमच्या दुकानातर्फे खेळाडूंची तपासणी. सामान मी उचलतो.”

घाईही होती. समर्थक मंडळाचा म्होरक्या, ढोलवाला कुमरेसन, त्याने फर्मान काढलं होतं... मोसमाच्या शेवटच्या घरच्या सामन्याला सगळ्यांनी यायचं, आणि नव्वद मिनिटं तोंडातून एक शब्द काढायचा नाही. ढोल नाही, टाळी नाही. “शिव्या तर चिकगू एकोणीस वर्षं ऐकतायत,” तो म्हणाला. “आता गप्प बसलं की समजेल.” आणि इकमलची वही त्याला हवी होती. सामन्यानंतर माइकवर वाचून दाखवायला, चिकगूंच्या चुकांचा पुरावा म्हणून.

*

तपासणी खेळाडूंच्या खोलीत झाली. दाराजवळच्या खुर्चीपासून सहा मीटरवर मी अक्षरांचा तक्ता लावला. खेळाडू एकेक करून अक्षरं वाचत गेले आणि चिकगू कोपऱ्यात बसून ऐकत राहिले. सगळे गेल्यावर, “चला, म्हाताऱ्याचंही उरकून टाक,” म्हणत ते खुर्चीत बसले.

त्यांनी वरपासून खालपर्यंत अक्षरं धडाधडा म्हटली. एकही अडखळणं नाही. सगळी अचूक. फक्त ते बसायच्या आधी मी तक्ता उलटवला होता, आणि मागच्या बाजूला वेगळीच अक्षरं होती.

 माझ्या गप्प बसण्यावरूनच त्यांना कळलं.

“तक्ता बदललास?”

“हो, चिकगू.”

“हुशार आहेस.” ते हलकेच हसले. “पाठ केलेलं उत्तर लिहिणाऱ्या पोरांना मी शून्य द्यायचो.” मग दाराकडे तोंड करून म्हणाले, “बाहेर जो उभा आहे ना, त्यालाही आत ये म्हण. बराच वेळ झाला, श्वास रोखून धरलाय त्याने.”

इकमल आत आला. चिकगूंनी सगळं आपणहूनच सांगितलं. मधुमेहाने डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, तिसरीचा उपयोग नाही असं इपोह शहरातले डॉक्टर म्हणाले होते. चाळीस पावलांपलीकडे त्यांना नुसतं हिरवं दिसायचं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“चार वर्षं झाली.”

इकमलच्या कपाळाला आठी पडली. “पण चिकगू, तीन वर्षांपूर्वी आपण दुसरे आलो होतो.”

“तेव्हा स्टँड भरलेला असायचा, बाळा.” ते जरा थांबले. “चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात गेला की लोकांचा आवाज चढतो. आपला माणूस एकटा पडला की आधी एक हुंकार येतो, मग शिव्या. सात हजार माणसं मला ओरडून खेळ सांगत होती. मला सगळं दिसत होतं. मग आपण थोडे हरलो, थोडी माणसं कमी झाली. आवाज कमी झाला, म्हणून आणखी हरलो...”

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला बाबांची रिकामी खुर्ची आठवली.

“सोडलं का नाही?” इकमलने विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“वाटायचं, माणसं परत येतील. पुढच्या शनिवारी येतील, त्याच्या पुढच्या... आणि घाबरत होतो. घरी जाऊन काय करू, तेही आहेच.” त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले. “चूक आहे, मला कळतं. शेवटचा सामना होऊ दे. मग मीच सांगतो सगळ्यांना. तोवर तुम्ही दोघं...”

“मी डोळे तपासते, चिकगू. कुणाचे कसे आहेत ते सांगत नाही.”

बाहेर पडल्यावर आम्ही पावसामुळे छपराखाली थांबलो. इकमल म्हणाला, “शनिवारी सगळे गप्प बसणार आहेत.”

“हो.”

“सात हजार माणसं, आणि एक आवाज नाही.”

मी त्याच्या बाहीला हात लावला. का, ते मलाही माहीत नाही. त्याने त्या हातावर आपला हात ठेवला आणि आम्ही पुन्हा पावसाकडे बघू लागलो.

*

इकमलने कुमरेसनला वही द्यायला नकार दिला. “तू कुणाच्या बाजूने आहेस रे?” कुमरेसनने सगळ्यांदेखत विचारलं. इकमलने नुसती वही पिशवीत गुंडाळली, कारण खरं सांगायचं नव्हतं. मंडळातून त्याचं नाव त्याच संध्याकाळी काढलं.

मी बाबांकडे गेले. “शनिवारी चला.”

“गप्प बसायला? त्यासाठी घर काय वाईट आहे?”

“घरात बसून भिंतीला शिव्या देता, बाबा. माणसाला द्यायच्या तर तिथे येऊन द्या.”

बाबा आले. आणि किती दिवसांनी तो स्टँड पार शेवटच्या ओळीपर्यंत भरला होता... पण एवढी माणसं, आणि छपरावरच्या पावसाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. अंगावर काटा आला. चिकगू आपल्या जागी उभे होते, मान तिरकी करून. एका जागी नुसतेच वळत होते, आधी इकडे, मग तिकडे. नवव्या मिनिटाला आम्ही गोल खाल्ला. पलीकडून.

तेव्हा मला मैदानाच्या त्या बाजूला, उघड्या पायऱ्यांवर, एक माणूस दिसला. एकटा, धो धो पावसात, हातात पत्र्याचा डबा. चेंडू तिकडे गेला की तो डबा बडवायचा. चेंडू तिथून हलला की थांबायचा.

“तो तुझा वहीवाला ना?” बाबांनी विचारलं.

“माझा कुठला...”

“वेडा आहे का?”

“थोडा.”

एका डब्याचा आवाज तो किती. कुमरेसनची माणसं चिडून तिकडे बघत होती, पण फर्मानामुळे बोलू शकत नव्हती. तेवढ्यात आमचा बचावपटू पलीकडे पुन्हा एकटा सापडला. दोघे त्याच्या अंगावर धावले. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. आणि सहा महिने कोंडलेलं सगळं बाहेर आलं...

“अहो चिकगू, पलीकडे माणूस एकटा पडलाय. दिसत नाही का तुम्हाला?”

बाबांचा आवाज आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. आधी सगळे दचकले. मग कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसऱ्याने ओरडून बाबांना दुजोरा दिला, मग तिसऱ्याने दोघांनाही शिवी घातली. पाच मिनिटांत सात हजार माणसं बोंबलत होती. मनापासून, वाट्टेल ते. शेवटी कुमरेसननेच ढोल गळ्यात अडकवला.

चिकगूंनी मान सरळ केली. मी तेवढंच बघत होते. त्यांनी सहायकाला जवळ बोलावलं, पलीकडे बोट दाखवलं, आणि एक खेळाडू बदलला. अगदी जिथे बदलायला हवा होता तिथे.

आम्ही जिंकलो नाही. दोन-दोन बरोबरी झाली. पण लोक जागचे हलले नाहीत. मग चिकगूंनी माइक मागितला आणि खोलीत आम्हाला सांगितलं होतं तेच सगळ्यांना सांगितलं, तितक्याच साध्या शब्दांत. आणि म्हणाले, “आज शेवटचं, पण मला सगळा सामना दिसला. आभारी आहे.”

त्यानंतरची शांतता कुणी ठरवलेली नव्हती.

बाबा खाली गेले, माझ्यासाठीही न थांबता. मी पोचले तेव्हा ते चिकगूंचा हात धरून उभे होते. “मी तुम्हाला ‘दिसत नाही का’ म्हणून ओरडलो... तोंड जळो माझं.”

“ते तुम्ही होतात?” चिकगू म्हणाले. “फार स्पष्ट आवाज आहे हो. कुठे होतात इतके दिवस?”

*

नव्या मोसमात नवे प्रशिक्षक आले. पहिले दोन्ही सामने आम्ही हरलो, तेव्हा बाबा म्हणाले, “याच्या डोक्यात काहीतरी आहे,” आणि मला हायसं वाटलं.

चिकगू आता आमच्यात बसतात. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला इकमल, त्याच्या पलीकडे मी. इकमल त्यांना खेळ सांगतो. मोजणी खात्याचा माणूस, त्यामुळे अंतरासकट सांगतो.

“चेंडू मध्यावर. डावीकडे दिला. कोपऱ्यापासून वीस मीटर. आता...”

तो थांबला. मी केस बांधत होते, आणि क्लिप दातांत धरलेली.

“आता काय?” चिकगूंनी विचारलं.

“काही नाही. चेंडू... बाहेर गेला.”

“गेला नाही. लोक ओरडतायत. तू बघतोयस कुठे?”

 इकमलचे कान लाल झाले होते.

“तू तिच्याकडे बघतोयस,” चिकगू म्हणाले. “गेले तीन सामने तू प्रत्येक वेळी तिच्या बाजूच्या कोपऱ्याजवळ अडखळतोस. मला दिसत नाही रे, पण बहिरा नाही मी.”

“चिकगू, मी तिला विचारायचं म्हणतोय... म्हणजे बाबांना काही अडचण नसेल तर... पण आधी तिला...”

“मग माझ्या कानात काय सांगतोस? ती तिकडे बसलीय.”

इकमल माझ्याकडे वळला. समोर सामना चालू होता, बाबा मुद्दाम मैदानाच्या उलट दिशेला बघत होते, आणि मी क्लिप दातांतून काढायला विसरले होते.

“मेलोर,” तो म्हणाला, आणि त्याने चोरून चिकगूंकडे पाहिलं.

तेव्हा चिकगूंनी दोन्ही तळहात उचलले आणि स्वतःचे कान घट्ट झाकून घेतले. समोर हजारो माणसं उठून उभी राहिली होती, गोल होत होता बहुतेक. त्यांनी हात काढले नाहीत.

“हो,” मी म्हणाले. “विचार ना.”