पुढच्या रांगेतली खुर्ची

"बारा विरुद्ध अठरा," विमलनं वर्तमानपत्रातला आकडा वाचला.

भाकरी थापणारे तिच्या मोठ्या जावेचे, सुभद्राबाईंचे, हात थांबले. दाराशी बसलेल्या गवराबाईंनी, म्हणजे विमलच्या आईनं, मोठा सुस्कारा टाकला. लेकीकडे चार दिवस म्हणून त्या चाकणहून पिंपरीला आल्या होत्या, आणि आल्या दिवसापासून जावयाच्या हरण्याच्याच बातम्या ऐकत होत्या.

"पुन्हा वाच," सुभद्राबाई म्हणाल्या. "रोजचं सकाळचं निराळं आन् संध्याकाळचं निराळं, तसं वाच."

विमलनं तीन दिवसांचे अंक मांडीवर पसरले. मुंबईच्या एका जिमखान्यात व्यावसायिक स्नूकर खेळाडूंची स्पर्धा चालली होती आणि विमलचा नवरा बबनराव, खडकीच्या क्लबातला मार्कर, म्हणजे टेबलाशी उभा राहून गुण सांगणारा आणि साहेबांना खेळ शिकवणारा माणूस, त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला होता. समोर मुंबईचा परेरा. सामना पाच दिवसांचा, रोज पाच डाव सकाळी आणि पाच संध्याकाळी. ज्याचे पंचवीस डाव आधी होतील तो जिंकला. विमलनं बोटांवर मोजत बेरीज केली.

"आक्का, सकाळच्या पंधरा डावांत यांचे दहा झालेत. आन् संध्याकाळच्या पंधरांत... दोनच."

"आन् बातमीवाल्यानं लिहिलंय काय?"

"'संध्याकाळच्या सत्रात बबनरावांचा पांढरा चेंडू पुन्हा पुन्हा इच्छित जागेच्या अलीकडेच थांबत राहिला.'"

सुभद्राबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "मी मुंबईला जाते."

गवराबाई ताडकन उठल्या. "तुमी? आवो, तुमाला पाच वर्सांमागं जावईबापूंनीच सांगितलंय ना, खेळाला येऊ नका म्हणून? आधीच पोरगा हरतोय, त्यात आनखी तुमी कशाला तोंड दाखवताय?"

सुभद्राबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण मागं सरणंही नव्हतं. "तोंड दाखवायचं न्हाई मला, विहीणबाई. एक गोष्ट सांगायची हाय. ती पत्रानं पोचायची न्हाई."

त्या खेळाशी सुभद्राबाईंचं नातं सतरा वर्षांचं होतं. त्यांचा नवरा गेनू त्याच क्लबात मार्कर होता. चाळीस साली विषमज्वरानं तो आठ दिवसांत गेला, तेव्हा त्या विशीत होत्या आणि दीर बबन अकरा वर्षांचा, आई-बापावेगळा. माहेरचे न्यायला आले होते. 'तुझं वय काय, दुसरं घर बघू,' असं वडील डोळ्यांत पाणी आणून म्हणाले होते. पण बबननं त्यांच्या लुगड्याचा पदर मुठीत घट्ट धरला होता... आणि ती इवलीशी मूठ सोडवण्याचं सामर्थ्य त्या माउलीच्या अंगी नव्हतं. वडील एकटेच परत गेले.

क्लबाच्या साहेबानं त्यांना टेबलाची चाकरी दिली. स्नूकरच्या टेबलावर हिरवी बनात, म्हणजे लोकरी कापड, ताणून बसवलेली असते. तिच्यावरून रोज ब्रश फिरवायचा, मग गरम इस्त्री फिरवायची, तीही एकाच दिशेनं, कापडाची लव जिकडे झोपते तिकडेच. पहाटे उठून पिंपरीहून खडकीला जायचं, साहेब येण्याआधी इस्त्री करायची आणि मग मागच्या व्हरांड्यात पितळी दांडे घासत बसायचं. व्हरांड्याच्या खिडकीतून टेबल दिसे. लाल चेंडू एका गुणाचा, गुलाबी सहांचा, काळा सातांचा, आणि पांढऱ्यानं मारून बाकीचे जाळीत घालायचे, इतकं तर त्यांना आठवड्यातच कळलं. पुढं जे कळलं ते मात्र फार थोड्यांना कळतं. चेंडू घालणं सोपं असतं, पांढरा नंतर कुठं थांबतो यात सगळा खेळ असतो... हे ज्या दिवशी उमगलं, त्या दिवसापासून त्या एकाकी जिवाला त्या हिरव्या टेबलाचं वेड लागलं. कलकत्त्याला, मुंबईला सामने झाले की त्या मार्करांकडून डावामागून डाव विचारून घेत. बबन हाताशी आला तेव्हा त्याला त्यांनीच साहेबाच्या पायांशी नेऊन उभं केलं होतं. "याला काठी धरू द्या साहेब, याची नजर चांगली हाय," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि ते खरं ठरलं.

मग बावन्न साली क्लबातच मोठा सामना झाला. बायकांना आत जागा नव्हती, म्हणून सुभद्राबाई नेहमीच्या खिडकीत उभ्या राहिल्या. शेवटच्या डावात बबनला सोपा गुलाबी चेंडू घालायचा होता. त्यानं मान वर केली, खिडकीत त्याला वहिनी दिसल्या, पुन्हा वाकला... आणि चुकला. सामना गेला. घरी आल्यावर गवराबाई सर्वांदेखत म्हणाल्या, "पांढरं कपाळ समोर आलं की आसंच व्हायचं." सुभद्राबाईंनी बबनकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल, आपल्या सासूला, मामींना, थांबवेल, असं त्यांना फार वाटलं. बबन जमिनीकडे पाहत म्हणाला, "वैनी, फुडच्या खेळाला तू येऊ नगंस."

"बरं," त्या म्हणाल्या.

पुढं त्या एकाही सामन्याला गेल्या नाहीत. क्लबाची चाकरीही त्यांनी त्याच महिन्यात सोडली. तो तिथं खेळत असताना आपली सावली नको. दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाऊ लागल्या. काळजावर घाव घेऊन त्या हसतमुखानं त्याची भाकरी बांधत राहिल्या, आणि चौथी शिकलेल्या विमलकडून वर्तमानपत्रातले आकडे ऐकत राहिल्या. घरात बसूनही त्यांचा एक सामना चुकला नाही.

आता त्या निघाल्या तेव्हा विमलही उठली. "मी येते, आक्का. तुमाला आत कुणी सोडायचं न्हाई, मी यांची बायको, मला सोडतील." आणि लेकीला अशी धाडायची नाही म्हणून गवराबाईही कुरकुरत पायांत वहाणा घालू लागल्या. पिंपरी स्टेशनातून तिघी निघाल्या, लोणावळ्याला गाडी बदलली आणि दुपारी तीनच्या सुमारास मुंबईत जिमखान्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

जिमखाना समुद्राला लागूनच होता. सुभद्राबाईंनी आधी इमारतीभोवती एक फेरी मारली. मग दारावरच्या शिपायाला विचारलं, "दादा, ह्या खिडक्या कधी उघडता?"

"चारला. साहेब लोकांना वारा लागतो."

"आन् बनातीला इस्त्री?"

शिपायानं चमकून पाहिलं. "सकाळी. पण बाई, तुम्हाला काय करायचंय इस्त्रीचं?"

सुभद्राबाई मागं वळल्या. घरी चुलीपाशी जे मनात आलं होतं, ते आता नक्की झालं होतं. त्यांनी विमलला जवळ घेतलं. "नीट ऐक. सकाळी इस्त्री गरम असती, चेंडू पळतो. चारला खिडक्या उघडल्या की समुद्राचं वारं आत येतं, बनात ओलसर होती, लव उभी राहती आन् चेंडू आडतो. तो परेरा हितलाच, त्याला ठाऊक हाय. बबनला सांग, संध्याकाळी पांढरा हातभर जास्ती चालव. आन् टेबलाच्या लांबीनं खेळू नगंस, जवळचं खेळ. आन् तू माझं नाव काढू नगंस."

"आन् तुमी?"

"मी हितंच बसते."

विमल आत गेली आणि त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. गवराबाई थोडं अंतर ठेवून बसल्या. त्या दिवशी सकाळी बबननं तीन डाव घेतले होते आणि परेरानं दोन. आता पंधरा विरुद्ध वीस. दार बंद होतं, आतलं काही दिसत नव्हतं. पण चेंडूवर चेंडू आदळल्याचा आवाज येत होता, आणि सुभद्राबाई डोळे मिटून तो ऐकत होत्या.

"हा लाल गेला," त्या हळूच म्हणाल्या. थोड्या वेळानं, "निळा. आता मोकळा झाला तो."

गवराबाई आधी दुसरीकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वळवली. मग सरकत सरकत त्या बाकावर अगदी जवळ आल्या. "आन् आता?" त्यांनी विचारलं.

बबननं त्या संध्याकाळी पाचांतले चार डाव घेतले. एकोणीस विरुद्ध एकवीस.

दिवेलागणीला दार उघडलं. बबन काठी हातात घेऊनच बाहेर धावला. विमलनं नाव सांगितलं नव्हतं. सांगण्याची गरजही नव्हती. बनातीची लव केव्हा उभी राहते हे त्याला सांगणारं जगात एकच माणूस होतं. बाकापाशी येऊन तो थबकला. पांढरट झालेल्या केसांवर पदर घेऊन बसलेली ती मूर्ती पाहताच अठ्ठावीस वर्षांचा तो धिप्पाड माणूस तिथंच, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, खाली बसला.

"वैनी, तू बाहीर का बसलीस?"

"तूच सांगितलं होतंस न्हवं, येऊ नगंस म्हणून."

"पाच वर्सं झाली त्याला. तू एकदाबी बोलली न्हाईस."

"बोलायचं तुजं होतं, बबन." सुभद्राबाई म्हणाल्या. "मी येऊ नये म्हणालास, त्याचं मला काही न्हाई. पर तू चुकलास तवा चूक तुज्या हाताची होती. ती तू माज्या कपाळावर ठेवलीस, आन् मी तुला आईसारखी वाढवलेली असून तुला ते खरं वाटलं. ह्याचं मातर वाईट वाटलं."

बबननं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याच्या आसवांनी त्यांची पावलं भिजली. "मला ठावं होतं, वैनी. त्याच दिवशी ठावं होतं. लोकांफुडं हरल्याची लाज वाटली, आन् ती मी तुज्यावर ढकलली. मग तोंड उघडायला धीरच झाला न्हाई."

त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. इतक्या वर्षांचं साचलेलं दुःख त्या एका क्षणात विरघळून वाहून गेलं. मग त्या म्हणाल्या, "ऊठ. उद्या सकाळी खेळायचंय तुला."

दुसऱ्या दिवशी बबननं जिमखान्याच्या चिटणीसाला सांगितलं, "माझ्या वहिनींना पुढच्या रांगेत खुर्ची पाहिजे, न्हाईतर मी काठी उचलत न्हाई." चिटणीस गडबडला, दोघाचौघांशी बोलला, आणि खुर्च्या आल्या, तीन. सुभद्राबाई ताठ मानेनं आत गेल्या आणि टेबलासमोर बसल्या. शेदीडशे माणसांनी वळून पाहिलं. त्या टेबलाकडे पाहत होत्या.

सकाळी बबननं चार डाव घेतले, परेरानं एक. तेवीस विरुद्ध बावीस. संध्याकाळी एक बबनचा, दोन परेराचे, आणि चोवीस-चोवीसवर सामना येऊन थांबला. शेवटचा डाव. टेबलावर गुलाबी आणि काळा दोनच उरले, बबन दहा गुणांनी मागं. दोन्ही घातले तरच जिंकणार होता.

त्यानं गुलाबी घातला, जरा जोरातच. पांढरा पळत लांब गेला आणि कडेला चिकटला. काळा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. बबननं मान वर केली, वहिनींकडे सरळ पाहिलं, वाकला... काळा जाळीच्या तोंडाशी जाऊन, थरथरून बाहेर आला. परेरानं तो घातला. सामना संपला.

गवराबाईंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं आणि त्यांनी चटकन सुभद्राबाईंकडे पाहिलं. आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी त्या पांढऱ्या कपाळाबद्दल बोललंही. बबननं ते ऐकलं. परेराशी हस्तांदोलन करून तो तडक पुढच्या रांगेशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मामी, गुलाबी मी जोरात मारला, म्हणून काळा लांब पडला. ह्या माझ्या वैनीनं तीन दिवसांचं वर्तमानपत्र ऐकून मला हरलेल्या सामन्यातून हितवर आणलं. न्हाईतर मी कालच घरी असतो."

मग परेरानं काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या, आणि त्यामागून सगळ्यांनी. सुभद्राबाईंच्या डोळ्यांतून आसवं ओघळत होती, पण त्यांची मान खाली गेली नाही. गवराबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "चुकले मी, सुभद्राबाई," त्या पुटपुटल्या. "लई वंगाळ बोलले होते."

जिमखान्यातून चौघं चालत स्टेशनाकडे निघाली. मग सुभद्राबाईच म्हणाल्या, "आज माणसं दाटीनं बसली होती. दिव्यांची आन् माणसांची ऊब होती, बनात सुकली होती. सकाळसारखाच हळू मारायचा होतास."

"मग सांगायचं न्हाईस का, तिथंच?"

"खेळ चालू असताना बोलत न्हाईत," त्या म्हणाल्या.

बबन हसायला लागला. विमल हसली, गवराबाईही हसल्या. हसता हसता त्यानं सांगितलं की पुढच्या वर्षीची स्पर्धा कलकत्त्याला आहे, आणि परेरा आत्ताच म्हणाला, तिथलं टेबल फार अवघड आहे.

सुभद्राबाई थांबल्या. पदर नीट खोचला. "कलकत्त्याला गाडीनं किती दिवस लागतात?" त्यांनी विचारलं.