कुंपणाचा उलटा हात

ओहोटीला गुडघाभर पाण्यात फोटो काढणाऱ्या एका पर्यटक बाईच्या पायाला चप्पल लागली. टायरची, अंगठ्याजवळ तांब्याच्या तारेनं शिवलेली. संध्याकाळी ती चप्पल करकेन्ना बेटाच्या ठाण्यात फौजदार राबेहच्या टेबलावर होती, आणि समोर म्हातारी मबरूका.

तिनं तार बोटानं चाचपली. चप्पल तिच्या मुलाची, शुक्रीचीच. शुक्री मागच्या उन्हाळ्यात होडीनं चोरून इटलीला गेला होता. त्याला निरोप द्यायला फक्त त्याचा काका तिजानी किनाऱ्यावर होता. तिजानीच अधूनमधून येऊन सांगे, कॅफेत फोन आला होता, पोरगं बरं आहे.

"नवे बूट घालून गेला असेल," मबरूका म्हणाली. "हो ना रे?"

राबेहनं वेगळंच विचारलं. जाण्याआधी घरात काही भांडण?

भांडण नाही, कुरबूर, ती म्हणाली. उन्हाळा लागला की बेटावर सगळे मासे अडवायला समुद्रात रोवलेली आपापली कुंपणं उपटतात, माशाला अंडी घालू देतात. तिजानीला मात्र पर्यटकांना दाखवायला घरचं कुंपण उभं हवं होतं. शुक्री नाही म्हणत होता. आणि कुंपण होतं तो समुद्राचा तुकडा शुक्रीचा, बापाकडून आलेला.

सकाळी राबेह पर्यटकांबरोबर तिजानीच्या होडीत बसला. कुंपणापाशी पर्यटक भराभर पाण्यात उतरले. खजुरीच्या झावळ्यांचं कुंपण या शरदात नव्यानं रोवलेलं, पिवळंधमक. त्याचे दोन हात किनाऱ्याकडे पसरलेले. बाजूला तिसरा हात होता, एकटाच, खोल समुद्राकडे उघडा. त्याच्या झावळ्या काळ्या पडलेल्या, शेवाळलेल्या. बाईला चप्पल तिथेच मिळाली होती.

"काका, हा कसला हात?"

"फोटोचा. त्यांना पाठीमागे निळं पाणी लागतं. मासा तिथे यायला वेडा आहे का?"

"बाकीचं नवं, हाच जुना?"

"पाठ धरते माझी. तू आलास कधी झावळी रोवायला? बापाचं कुंपण सोडून डोक्यावर पोलिसाची टोपी घातलीस."

"आणि चप्पल?"

"फेकली असेल पोरानं. इटलीत टायर घालून कोण फिरतं?"

राबेह हसला नाही. दुपारी तिजानीला धक्क्यावर बसवून त्यानं दोन शिपायांकडून ती काळी रांग उपटवली. खाली ऑक्टोपस धरायचे मातीचे घडे निघाले, वाळूनं भरलेले, दोरानं एकत्र बांधलेले. त्याच दोरात माणसाची हाडं होती. दुसरी चप्पलही तिथेच होती, तशीच तारेची.

राबेह धक्क्यावर तिजानीशेजारी बसला.

"काका, मासा ओहोटीबरोबर खोल पाण्याकडे परततो. म्हणून आपलं कुंपण किनाऱ्याकडे तोंड करून असतं. उलटा हात इथलं लहान पोरही लावणार नाही. पर्यटकांसाठी असेल म्हणून आम्ही सगळे हसलो. पण कुंपण दिसलं की तिथे दुसरा कोणी जाळं टाकत नाही, नांगर टाकत नाही. आपली रीतच आहे ती. तुम्हाला तेवढंच हवं होतं."

राबेहनं कुंपणाच्या दिशेनं बोट केलं.

"शरदात सगळ्या झावळ्या बदलल्यात. ही एकच रांग उपटायला तुमचा हात धजला नाही. पर्यटकांना अडवलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं, म्हणून त्यांनाही तिथे जाऊ दिलंत. इटलीच्या होडीत शुक्रीला बसताना तुमच्याशिवाय कोणी पाहिलं नाही. त्याचे फोनही तुमच्याशिवाय कोणी घेतले नाहीत."

"पहाटे कुंपण उपटत होता," तिजानी शेवटी म्हणाला. "म्हणे, समुद्राला श्वास घेऊ दे. माझ्या हातात हातोडा होता. मग वहिनीला काय सांगणार? इटली सांगितलं. तिला बरं वाटलं."

शिपाई त्याला घेऊन गेले. मबरूकेकडे राबेहला एकट्यालाच जावं लागलं.

गच्चीवर दोरीला ऑक्टोपस वाळत होते. दोरीखाली आधी वाळवलेल्या ऑक्टोपसचं एक गाठोडं बांधून तयार होतं. पुढच्या वेळी जो कोणी इटलीला जाईल त्याच्याबरोबर शुक्रीसाठी पाठवायचं, असं ती शेजारणीला सांगत असे. राबेहनं सगळं सांगितलं, काहीच मऊ न करता. मऊ कसं करायचं हे त्याला सुचलं नाही.

"काल रात्रीपर्यंत तो तिकडे जेवत होता," ती म्हणाली. "तू आलास आणि उपाशी झाला."

तिनं गाठोडं सोडलं आणि एकेक ऑक्टोपस पुन्हा दोरीवर घालू लागली. ते आधीच वाळलेले होते.