चिमणीच्या पाठीवरचे मासे

गरुडतळ्यात एकही मासा नव्हता, आणि तिथे ट्राउट माशांची पिल्लं नेऊन सोडायचीच, असा सिग्नेने चंग बांधला होता. लाकूड कापायची गिरणी बंद पडल्यापासून मॉन्टानातल्या त्या खोऱ्यात घरोघरी नुसता घेवडा शिजत होता. पिल्लं जगली, तर पुढेमागे ताटात मासा दिसणार होता.

तिचा भाऊ ऑर्विल याचा थोरला, जड ट्रक मागच्या खेपेला पिल्लं घेऊन निघाला आणि ओंडक्यांच्या मोडक्या पुलापाशी अडला. पाणी हललं नाही की पिल्लांना श्वास मिळत नाही. पाण्याच्या कॅनमध्येच सगळी मेली. आता ही शेवटची पिल्लं. मग बर्फाने वाट बंद!

"आणि यांना या बाबागाडीतून नेणार?" ऑर्विलने विचारलं. "हिच्यात बसलं की दाढा खिळखिळ्या होतात."

"मग तोंड मिटून बस."

चिमणी म्हणजे सिग्नेची पिकअप. चार माणसांनी उचलावी एवढीशी, पण जिद्द केवढी! पुलाचे दोनच ओंडके शाबूत होते. सिग्नेने दात आवळले. चाकं ओंडक्यांवर चढली. खाली नदी घोंघावत होती. एक चाक घसरलं... सावरलं... चिमणी पार!

पुढे उभा चढ. गाडी दणके देत होती, पाणी डुचमळत होतं आणि पिल्लं मजेत होती. तळं एकाच वळणापलीकडे राहिलं आणि रेडिएटर फुसफुसला. सगळं पाणी वाफ होऊन गेलं. इंजिन बंद.

कॅनमधलं पाणी स्थिर झालं. पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली.

ऑर्विलने एका कॅनला हात घातला. "यातलं थोडं रेडिएटरला..."

"हात लावू नकोस. मागे चढ आणि नाच."

"काय?"

"नाच म्हणते ना!"

दोघं मागच्या फळीवर उड्या मारू लागली. हलकीफुलकी चिमणी त्यांच्यासोबत गदगदा हलली. पाणी उसळलं, पिल्लं पुन्हा खाली गेली. ऑर्विलचा थोरला ट्रक असा तसूभरही हलला नसता.

इंजिन निवलं, तशी सिग्नेने ऑर्विलची कॉफीची किटली उचलली.

"ती माझी आहे," तो कळवळला.

"होती."

रेडिएटरच्या एवढ्याशा पोटाला तेवढी कॉफी पुरली. कॉफीचा वास सोडत चिमणी तळ्याकाठी पोहोचली. कॅन कलंडले, आणि निळ्या पाण्यात पिल्लं भराभर पांगली.

ऑर्विलने हॅट काढली, तळ्यासमोर नव्हे, चिमणीसमोर.

"उद्या हिच्यासाठी वेगळी किटली आणतो," तो म्हणाला.