सात गोळ्यांचा वाटा

"अर्धं खारूला, अर्धं भुंग्याला, रुसून नका बसू कुणी दाराला!"

भुंगा नुकताच बसायला लागला होता, तेव्हापासूनचा आईचा हा सूर. आई पुस्तकं बांधायची. कागद बरोबर मध्यावर दुमडणारा तिचा हात घरातली प्रत्येक वस्तूही तशीच वाटायचा. कारण धाकट्याला कणभर जास्त गेलं, की थोरलीचं नाक लाल!

आता खारू बारा वर्षांची होती, आणि या सुट्टीत तिचं नाक रोजच लाल होतं.

भुंग्याला पुन्हा मलेरिया झाला होता. पाच महिन्यांत तिसऱ्यांदा! खिडकीजवळची गादी त्याची, सोललेली संत्री त्याची, आईची मांडी त्याची. शिवाय मुलांनी रिकाम्या डब्यांचा जो तराफा बांधला होता, त्याचा कप्तानही तोच! चिठ्ठीत त्याचंच नाव निघालं होतं ना!

"कप्तान उठल्याशिवाय तराफा तळ्यात उतरणार नाही," शेजारी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींचा मुलगा चष्मिस म्हणाला. तो खारूचा जिवलग, पण हल्ली भुंग्याचाच जास्त.

"लाडोबा मुद्दाम आजारी पडतो!" खारू फणकारली.

गोधडीतून बारीक आवाज आला, "ताई, तूच हो कप्तान. मला उभंसुद्धा राहवत नाही गं."

हवं ते हातात आलं, आणि खारूला ते मुळीच गोड लागेना. भुंग्याचे ओठ कागदासारखे पांढरे पडले होते.

"चल रे चष्मिस! तो डास शोधूनच काढू!"

दोघांनी गल्ली पिंजून काढली. पिंपं पालथी, कुंड्या कोरड्या, टाक्यांना झाकणं! गल्लीत दुसऱ्या कुणालाही ताप नव्हता.

"मग डास काय पत्ता विचारत फक्त तुमच्याकडे येतो?" चष्मिसने डोकं खाजवलं.

"कसला शोध लावताय?" दुकानातून घड्याळजी हसले. "मागच्यासारख्या तीन दिवसांच्या गोळ्या आणा, की ताप पळाला!"

"पळाला, तर परत कसा येतो हो काका?" खारूने विचारलं. घड्याळजी घाईघाईने भिंगात डोकावू लागले.

तेवढ्यात खारूला भुंग्याच्या पहिल्या तापाच्या वेळचं औषधाचं पाकीट आठवलं. आईच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याखाली ते सापडलं. त्यावर लिहिलं होतं: 'रोज एक, चौदा दिवस.' तिने ते दोनदा वाचलं. फळीवरची रिकाम्या रिळांची डबी तिने हळूच खिशात टाकली.

तोवर आई भुंग्याला घेऊन दवाखान्यात रक्त तपासायला गेली होती. दोघं धावतच पोचली. खारूने पाकीट पुढे केलं. "प्रयोगशाळावाले काका, डास नसताना मलेरिया परत येतो का?"

काकांनी सूक्ष्मदर्शकातून मान वर केली. "शाब्बास! प्रश्न बरोबर विचारलास. या जातीचे काही जंतू रक्तात धुमाकूळ घालतात, तर काही यकृतात पांघरूण घेऊन झोपतात. तीन दिवसांच्या गोळ्या फक्त जागे असलेल्यांना मारतात. झोपलेले कधीतरी उठतात आणि ताप पुन्हा हजर! त्यांच्यासाठी या चौदा दिवसांच्या गोळ्या. पुऱ्या घेतल्या होत्या ना?"

आईचा चेहरा उतरला. "सात घेतल्या. तेव्हा खारूलाही ताप होता. मी सात-सात वाटल्या. पुढच्या खेपेला तर फक्त तीन दिवसांच्याच आणल्या."

"अहो, औषध म्हणजे संत्रं आहे का वाटून द्यायला?" काका कळवळून म्हणाले. "प्रत्येकाचं रक्त वेगळं तपासायचं असतं. ज्याच्या नावाच्या गोळ्या, त्यानेच संपवायच्या! आता डॉक्टर नव्याने चौदा लिहून देतील. आणि बाई, मोठ्यांना जे दिसलं नाही, ते तुमच्या या पोरीने हुडकून काढलं. हुशार आहे हो!"

आईने खारूला जवळ ओढलं. किती दिवसांनी ती मांडी! चष्मिसने टाळ्या वाजवल्या. बाकावरून भुंगा दमलेल्या चेहऱ्याने हसला. "माझी ताई आहे ती!"

खारूला रडू फुटलं. आईपासून दूर होत तिने खिशातली डबी टेबलावर उपडी केली. तिच्या वाट्याच्या सातही गोळ्या घरंगळल्या.

"शाब्बास म्हणू नका मला," ती म्हणाली. "भुंग्याचेच लाड होत होते, म्हणून तेव्हा थर्मामीटर मी पुस्तकं चिकटवायच्या गरम सरसाच्या भांड्याला टेकवला होता. मला ताप नव्हताच, आई."