भिंतीकडे तोंड

"स्टेरॉइड नाही सापडलं," प्रयोगशाळेतून रसायनज्ञाचा फोन आला. "सापडलीय लघवी जास्त व्हायची गोळी. तीही बंदीच्या यादीतलीच."

तपासनीस बाईंनी चहा बाजूला सारला. अशी गोळी घेऊन खेळाडू लघवी पातळ करतात, म्हणजे स्टेरॉइड लपतं. पोरगी गोळाफेकीतली, जेमतेम विशीची. दोषी ठरली तर उमेदीची वर्षं मैदानाबाहेर.

"आणि बाई, हिच्या जुन्या नमुन्यांतल्या संप्रेरकांशी हा नमुना काही केल्या जुळत नाही."

व्यायामशाळेच्या खोलीत पोरगी मान खाली घालून बसली होती. शेजारी आई. तीच तिची प्रशिक्षक.

"गोळी कोणी दिली?"

"देवाशप्पथ, मी कसलीच गोळी घेतली नाही." आवाज घोगरा, पुरुषी.

बाईंना ते खरं वाटलं. पंचाईत तिथेच होती.

"रडून रडून घसा बसलाय लेकराचा," सुजलेले घोटे चोळत आई म्हणाली. "आलेच हं मी." ती पुन्हा उठून गेली.

पोरगी कसनुशी हसली. "गावोगाव असंच. आई आधी बाथरूम शोधते, मग मैदान."

बाईंनी साक्षीदार बाईला बोलावलं. खेळाडू लघवी करताना समोर उभं राहून नजर न हलवणं, हेच तिचं काम.

"कुठे उभी होतीस?"

"समोरच."

"आणि नजर?"

ती ओळखपत्राच्या दोरीला पीळ घालत राहिली. "पोरगी म्हणाली, ताई, तुम्ही बघताय तर मला होतच नाही. मग मी भिंतीकडे तोंड केलं. लाज वाटते हो, कुणाच्या लेकीकडे असं बघायची."

"मलाही वाटायची," बाई हळूच म्हणाल्या.

आई परतली, तशा बाई तिच्यासमोर बसल्या.

"मुलगी खरं बोलतेय. गोळी तिनं घेतलीच नाही, तुम्ही घेता. पाय सुजतात, घडीघडी उठावं लागतं. नमुना जुळेना, कारण ती लघवी तुमची होती. छोट्या पिशवीत भरून हिच्या कपड्यांआड दिलीत. अंगाच्या उबेनं कोमट राहिली. यांनी तोंड फिरवलं आणि हिनं ती बाटलीत ओतली. लपवायचं होतं हिच्या अंगातलं स्टेरॉइड. तुमची लघवी स्वच्छ असणार, असं तुम्ही धरून चाललात. रोजच्या औषधाला कोण औषध म्हणतं? हिचा घसाही रडून बसलेला नाही. त्याच नमुन्याची दुसरी बाटली सीलबंद आहे. डीएनए तपासू?"

आईनं चेहरा ओंजळीत लपवला. "नको. इंजेक्शनं मीच दिली. ताकदीची म्हणून सांगितलं तिला. आवाज बदलला तेव्हा तिला उमगलं."

"पिशवी हातात देताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, आई," पोरगी म्हणाली. "आणि मी घेतली."

खोलीत कुणी कुणाकडे पाहीना. शेवटी पोरगीच उठली.

"रिकामी बाटली आहे?"

"आता नमुना देऊन शिक्षा टळणार नाही, बाळा," तपासनीस बाई म्हणाल्या.

"माहितीय."

बाथरूमच्या दारात ती साक्षीदार बाईसाठी थांबली. मान वर होती, डोळे भरलेले.

"या ताई," ती म्हणाली. "आता तोंड फिरवू नका."