टाकीतला दुसरा

उतरायच्या दिवशी जहाजावर कुणी शहाणा कामाला हात लावत नाही. मी लावला. तेवढंच चुकलं माझं.

मालवाहू जहाजावर वर्षभर राबल्याशिवाय आमच्याकडे कुणी अधिकारी होत नाही. माझं वर्ष त्या सकाळी भरलं, कप्तानाने माझ्या उमेदवारीच्या वहीवर सही केली. फिलिपिन्समधल्या माझ्याच गावच्या, इलोइलोच्या धक्क्यासमोर आम्ही नांगर टाकून होतो. मला न्यायला दहाला होडी येणार होती. घरी आईने माझ्यासाठी सिनिगांग, आमचं चिंचेचं आंबट कालवण, शिजत ठेवलं होतं.

"सही मिळाली म्हणून साहेब झालास काय रे जुनेल?" खलाशांचा मुकादम एफ्रेन हसला; सगळे त्याला कुया, म्हणजे दादा, म्हणायचे. "होडीला तास आहे. तळाच्या टाकीत गाळ राहिलाय, उतर."

टाकीत उतरताना नावाचा पितळी बिल्ला वरच्या फळीवर टांगायचा, बाहेर आलं की काढायचा. फळी रिकामी दिसली की झाकण बसतं. मी बिल्ला टांगला, बॅग आणि वही वरच ठेवली.

खाली गंजाचा आणि कुजक्या शेवाळाचा वास. मी चिखल खरवडायला लागलो. पलीकडच्या कप्प्यातही कुणीतरी खरवडत होतं. मी थांबलो की तेही थांबायचं.

"सही... झाली?" अगदी कानाशी आवाज आला.

कुणी चेष्टा करतंय वाटून मी म्हणालो, "झाली की!"

"माझी... राहिली."

बॅटरी विझली. शिडीवर ओली पावलं चढत गेली. मग झाकण आदळलं.

ओरडून घसा बसला. हातोडीने पत्रा बडवत राहिलो. देवाशपथ, इतका कधी रडलो नव्हतो. दुपारी जहाजाचा तोल राखायला टाकीत समुद्राचं पाणी सोडणार, एवढ्यात कुणीतरी ठोके ऐकले.

झाकण उघडलं. कुया एफ्रेन पांढराफटक पडला होता. "मी तुला स्वतः होडीत बसवलं रे... बिल्ला काढलास, बॅग घेतलीस, वही घेतलीस... तू कोण?"

"कुया, मीच..."

तो मागे सरकला. नोंदीत जुनेल उतरून गेला होता. कागदांशिवाय मला किनाऱ्यावर कोण नेणार! स्वयंपाक्याचा फोन मागून घरी लावला.

"आई, मी जुनेल."

"मेल्या, चेष्टा करतोस? माझा जुनेल इथं समोर जेवतोय." मग तिचा आवाज खाली आला. "तीनदा डोकं पुसलं... केसांतून पाणी गळायचं थांबत नाही बघ..."

"आई, घराबाहेर पड! आत्ता!"

"थांब... तोच फोन मागतोय."

मग माझ्याच आवाजात कुणीतरी हळू म्हणालं, "आईची काळजी करू नकोस. मी आता... परत समुद्रावर जाणार नाही."