डीएनए मंग सांगजो

खोलीत भक्कन ट्यूबलाइट लागली आणि दीपमाला जिवाच्या आकांतानं ओरडली, "बंद करा तो लाइट!"

बटणावर हात ठेवलेला उंच, सावळा तरुण जागीच थिजला. "सॉरी... मी अश्वजित. नागपूरहून आलो. तुमचे ठिपके मोजाचा प्रोग्रॅम—"

"या उजेडात ठिपके उरले तं मोजाल न! काऊन लावला लाइट?"

"अंधारात कोनी बसून असन, असं वाटलं नाई."

दीपमाला हसू दाबायला गेली, पण जमलं नाही. वर्ध्याच्या त्या प्रयोगशाळेत दोघांची ओळख अशी भांडणातून झाली.

मग ती दोघं रोज त्या काळोख्या खोलीत शेजारी बसू लागली. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी असायच्या. लेसरनं त्यांच्या डीएनएला मुद्दाम इवलीशी जखम करायची आणि पडद्यावर बघत राहायचं. दुरुस्ती करणारी, हिरवी चमकणारी प्रथिनं जखमेकडे धाव घेत, तिथे ठिपका उजळे. तुटलेली टोकं जोडली गेली की तो हळूहळू विझे. अश्वजितचा प्रोग्रॅम ते ठिपके मोजायचा. अश्वजित स्वतः मात्र... दीपमालाच्या गालावरचा हिरवा उजेड बघत बसायचा.

"ठिपका तिकडे हाय," ती मान न वळवता म्हणायची.

"तिकडंच पाहून राह्यलो," तो बिनधास्त थाप मारायचा.

एवढं असून पठ्ठ्या मनातलं बोलेल तर शपथ! इकडे रविवारी सिंदी गावचे पाहुणे तिला बघायला येणार होते. स्थळ घरात सगळ्यांना पसंत होतं. नाही म्हणायला तिला कारण हवं होतं, आणि ते कारण शेजारी बसून नुसतं गालात हसत होतं. दीपमालाचा जीव टांगणीला लागला होता.

शनिवारी अल्लीपूरहून आईचा, कमलाबाईंचा फोन आला. पडद्यावरून नजर हलवता येईना, म्हणून दीपमालानं स्पीकर लावला.

"दीपे, उद्या लवकर येजो. पाव्हणे—"

"जुळलं!" अश्वजित खुर्चीतून उडालाच. "दीपमाला, जुळलं!"

पेशीतला शेवटचा ठिपका विझला होता. फोनमधून मात्र कमलाबाईंचा आवाज चढला.

"कोन व्हय तो? अन् काय जुळलं?"

"आई, डीएनए जुळला... पेशीतला—"

"डीएनए मंग सांगजो. पोराचं नाव सांग आधी."

दीपमालाचे कान तापले. तेवढ्यात अश्वजित फोनकडे वाकला. "मावशी, मी अश्वजित. सिंदीच्या पाव्हण्याइले... नका बोलवू. मले दीपमाला आवडते. तिले बी मी आवडत असन तं—"

"अरे, माह्या आईले काऊन सांगून राह्यला? मले सांग न!"

तो वळला. "तुले सांगाची हिंमत नाई झाली... आता सांगू?"

"सांग."

"सांग रे बाबा," फोनमधून कमलाबाई म्हणाल्या, "मी बी आयकून राह्यली."

दोघंही खळखळून हसली. दीपमालानं त्याचा हात घट्ट धरला आणि ती म्हणाली, "आई, सिंदीले नाई म्हनून कळव. मले हाच पाह्यजे."

कमलाबाई म्हणाल्या, "गोळाभात तं उद्या करनंच हाय. पाव्हणा बदलला, एवढंच."

त्यानंतर फोन बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.